'हित्तिस्त' : एका शब्दाचे चरित्र

'बेकार' हा शब्द आपण फारसीतून घेतला. 'बे' म्हणजे वाचून आणि 'कार' म्हणजे काम. ज्यास काम नाही तो बेकार. शब्दाच्या जन्मपत्रिकेत एवढाच अर्थ लिहिलेला आहे आणि त्यात कोणाची निंदा नाही. परंतु मराठीत येऊन स्थिरस्थावर झाल्यावर ह्या शब्दाने हळूहळू रंग पालटला. आज आपण नाटक बेकार होते म्हणतो, आमटी बेकार झाली म्हणतो, छत्री बेकार निघाली म्हणतो. काम नसणे ही एक परिस्थिती होती. ती गुणाच्या, किंबहुना अवगुणाच्या पदवीस पोहोचली. ज्या घरात पदवीधर मुलगा दोन वर्षे नोकरी शोधीत आहे, त्या घरात हा शब्द उच्चारताना वडीलधारी माणसे आवाज खाली आणतात, त्याचे कारण हेच. 'रिकामटेकडा', 'उनाड', 'उडाणटप्पू' हे त्याचे भाऊबंद घेतले तरी त्या सर्वांत एक गोष्ट समान आढळेल. हे शब्द ज्यास काम आहे त्याने, ज्यास काम नाही त्यास उद्देशून वापरलेले आहेत. बेकाराने स्वतःस दिलेले नाव आपल्या कोशात मिळणे कठीण.

असे नाव जेथे मिळते अशा एका देशाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. देश अल्जीरिया आणि शब्द 'हित्तिस्त'. १९८० नंतरच्या दशकात अल्जीयर्स शहराच्या बोलीत हा शब्द रुळला आणि पुढे उत्तर आफ्रिकेत इतरत्रही पसरला. शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. त्याचे पूर्वपद 'हीत' हे अरबी. ह्याचा आपल्या 'हिता'शी काडीचाही संबंध नाही हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर एखादा व्युत्पत्तिप्रिय वाचक भलतीकडेच धाव घ्यावयाचा. 'हीत' म्हणजे भिंत. ग्रांथिक अरबीत ह्याचे रूप 'हाइत' असे आहे. ज्या धातूपासून ते निघाले त्याचा अर्थ वेढणे, राखणे असा आहे, आणि त्याच धातूची दोन लेकरे, 'अहाता' व 'एहतियात', उर्दू-हिंदीच्या मार्गाने आपल्या कानांवरून गेलेली आहेत. उत्तरपद 'इस्त' हा मात्र फ्रेंच प्रत्यय. आपल्याकडे 'गैर' ह्या अरबी उपपदास 'सोय' हा आपला शब्द जोडून 'गैरसोय' तयार झाली, तशातलाच हा प्रकार. भिंतीला पाठ टेकून दिवसभर उभा राहणारा तरुण तो हित्तिस्त.

परंतु शब्दाची खरी गंमत भिंतीत नाही, प्रत्ययात आहे. फ्रेंचमध्ये 'इस्त' हा प्रत्यय दोन कामे करितो. दंतवैद्यास 'दांतीस्त' आणि वृत्तपत्रकारास 'झुर्नालीस्त' म्हणताना तो धंदा दाखवितो. 'सोसियालीस्त' म्हणताना मत दाखवितो. मराठीत भाषांतर करावयाचे झाल्यास 'भिंतकार' म्हणावे की 'भिंतवादी' म्हणावे असा पेच पडतो, आणि कोणतेही एक घेतले तरी अर्धा अर्थ सांडतो. अल्जीयर्सच्या पोरांना दोन्ही अर्थ हवे होते. तुझा धंदा काय असे कोणी विचारले तर सांगावयास एक धंदा, आणि तुझा पक्ष कोणता असे कोणी विचारले तर सांगावयास एक पक्ष! त्या काळी सर्वतोमुखी असलेला एक विनोद ह्या शब्दाशी जोडलेला आहे. आपले राज्य समाजवादी, प्रत्येक नागरिकास काम मिळालेच पाहिजे. आम्हांसही मिळाले आहे. भिंत पडू नये म्हणून ती धरून ठेवण्याचे. हा विनोद हसून सोडून देण्याजोगा वाटतो, पण त्यात प्रत्यक्ष राज्यघटनेवर बोट ठेवलेले आहे. १९७६ च्या अल्जीरियन राज्यघटनेत कामाच्या हक्काची हमी दिलेली होती. ज्या हमीची पूर्तता सरकारने केली नाही ती ह्या पोरांनी एका प्रत्ययाच्या बळावर स्वतःच करून घेतली.

ही पाळी का आली हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. फ्रेंचांनी १८३० मध्ये अल्जीयर्स घेतले. १९५४ पासून आठ वर्षे चाललेल्या भीषण युद्धानंतर १९६२ च्या जुलैमध्ये देश स्वतंत्र झाला. त्या एका वर्षात लक्षावधी युरोपीय लोक बोटींत बसून निघून गेले. बाब-एल-वेद ही अल्जीयर्सची समुद्रालगतची वस्ती तोपर्यंत मुख्यतः स्पॅनिश, इटालियन, माल्टी वंशाच्या गरीब युरोपियनांची होती. ती रिकामी झाली आणि तेथे अल्जीरियन कुटुंबे राहावयास आली. म्हणजे पुढे ज्या भिंतींना हे तरुण टेकले, त्यांपैकी पुष्कळ भिंती फ्रेंच अमदानीत बांधलेल्या होत्या. शब्दाचा पूर्वार्ध अरबी आणि उत्तरार्ध फ्रेंच. भिंत फ्रेंच आणि पाठ अरबी. अशी अदलाबदल भाषेत कोणी ठरवून करीत नसते.

नव्या राज्याने प्रारंभी केलेले कार्य लहान नव्हते. १९७१ मध्ये फ्रेंच कंपन्यांच्या ताब्यातील तेलधंद्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा सरकारने आपल्याकडे घेतला. तेलाच्या पैशातून अन्नाबाजवळ एल हजार येथे पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहिला, गावोगाव शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. मुले जगू लागली आणि शिकू लागली. स्वातंत्र्याच्या वेळी एक कोटीच्या थोडीशी वर असलेली लोकसंख्या १९८७ च्या शिरगणतीत सुमारे २ कोटी ३० लाख भरली. घरे त्या मानाने वाढली नाहीत. दोन-तीन खोल्यांत दहा-बारा माणसे, आणि भावाभावांनी पाळीपाळीने झोपावे, अशी शहरांतील स्थिती झाली. घरात जागा नाही म्हणून तरुण रस्त्यावर आणि रस्त्यावर काम नाही म्हणून भिंतीशी, असा हा क्रम आहे. बाहेरच्या पाहुण्यास भिंतीशी उभा असलेला तरुण आळशी दिसे. तो आळसाने नव्हे तर अंथरूण मोकळे होण्याची वाट पाहत उभा आहे, हे त्या पाहुण्यास कोण सांगणार?

ह्यात शिक्षणाच्या भाषेचा एक पेच होता, आणि इंग्रजीवर ज्याचे पोट भरले अशा माझ्यासारख्यास तो विशेष लागतो. सरकारने शाळा-कॉलेजांतून अरबीचा पुरस्कार केला. तो राष्ट्राभिमानास धरून होता, आणि १३० वर्षांच्या दास्यानंतर त्यास नावे ठेवण्याचा कोणास अधिकार आहे? परंतु कारखाने, बँका, सरकारी कंपन्या ह्यांतील चांगल्या जागा फ्रेंच येणाऱ्यांकडेच राहिल्या. राज्यकर्त्यांनी शाळेत एक भाषा दिली आणि कचेरीच्या दाराशी दुसरी मागितली. १९७९ च्या नोव्हेंबरात अरबी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी ह्याच कारणासाठी दीर्घकाळ संप केला. ज्या भाषेने आपणास नोकरी नाकारली त्याच भाषेचा प्रत्यय उचलून पुढच्या पिढीने आपल्या नोकरीविहीनतेस लावला, हा सूड मोठा सौम्य म्हणावयाचा.

मग १९८६ साल उजाडले. आदल्या वर्षाच्या अखेरीस पिंपामागे तीस डॉलरच्या आसपास असलेला तेलाचा भाव काही महिन्यांत दहा-बारा डॉलरपर्यंत कोसळला. ज्या देशाच्या निर्यातीत तेल व वायू ह्यांखेरीज जवळजवळ काहीच नाही, त्याचे ह्याने काय झाले असेल ते सांगावयास नको. नव्या जागा थांबल्या, आयात थांबली, दुकानांतून रवा आणि तेल दिसेनासे झाले. ह्याच सुमारास हित्तिस्ताचा एक सख्खा भाऊ बोलीत प्रसिद्धीस आला: 'त्राबेंदिस्त'. चोरट्या व्यापारास स्पॅनिशमध्ये 'कोन्त्राबांदो' म्हणतात. त्याचे 'त्राबेंदो' झाले आणि पुन्हा तोच प्रत्यय लागला. मार्सेय किंवा आलिकान्ते येथे जाऊन पिशवीभर कपडे, साबण, यंत्रांचे सुटे भाग आणून गल्लीत विकणारा तो त्राबेंदिस्त. गल्लीच्या जातिव्यवस्थेत हित्तिस्त खालचा आणि त्राबेंदिस्त वरचा. भिंतीपासून सुटण्याचा मार्ग म्हणजे बंदराचा मार्ग, ही समजूत त्या काळी पक्की झाली.

येथे एक गोष्ट नजरेआड होते, ती नमूद केली पाहिजे. 'इस्त' प्रत्यय फ्रेंच व्याकरणात उभयलिंगी आहे. दंतवैद्य पुरुष असो की स्त्री, शब्द एकच. तेव्हा हित्तिस्त म्हणून मुलीस संबोधण्यास व्याकरणाची आडकाठी नाही. आडकाठी गल्लीची आहे. भिंतीशी उभे राहणे ही पुरुषांची सवलत. शिकलेली, नोकरी न मिळालेली मुलगी भिंतीच्या आतल्या बाजूस असे. १९८४ च्या कुटुंबविषयक कायद्याने तर स्त्रीस विवाहासाठी पालकाची मध्यस्थी आवश्यक करून तिचे स्थान अधिकच आत ढकलले. त्यामुळे अल्जीरियातील बेकारीवर लिहिणाऱ्यांनी हा शब्द उचलला तेव्हा त्याबरोबर अर्धी बेकारी मोजणीबाहेर राहिली. जी उभी राहिलेली दिसत नाही ती बेकार नाही, असा भास ह्या चटकदार शब्दाने उत्पन्न केला. शिकलेल्या स्त्रियांतील बेकारी तेथे पुरुषांतील बेकारीहून सातत्याने अधिक राहिलेली आहे. तिच्यासाठी बोलीने विनोद घडविला नाही.

१९८८ च्या सप्टेंबरात अल्जीयर्सनजीक रुइबा येथील मोटारलॉरींच्या कारखान्यात संप झाला. ४ ऑक्टोबरच्या रात्री बाब-एल-वेदमध्ये पोरांचे घोळके रस्त्यावर आले आणि ५ तारखेस शहर पेटले. जमावाने काय जाळले हे पाहिले म्हणजे त्याच्या मनात काय होते ते कळते. सत्ताधारी पक्षाच्या कचेऱ्या जाळल्या, सरकारी बाजारपेठा फोडल्या, आणि हुतात्म्यांच्या स्मारकाखाली उभारलेले रियाद-एल-फेत हे श्रीमंती दुकानांचे संकुल लुटले. हुतात्म्यांच्या नावाखाली अत्तरांची आणि परदेशी कपड्यांची दुकाने मांडण्याची कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्यास भिंतीशी उभ्या असलेल्या मुलाच्या मनाची काय कल्पना असणार! ६ तारखेस सैन्यास पाचारण करण्यात आले. पुढील चारपाच दिवसांत सरकारी आकड्याप्रमाणे १५९ आणि इतरांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ५०० माणसे मारली गेली. पकडलेल्या तरुणांचा छळ झाला, आणि त्याविरुद्ध डॉक्टर, वकील, प्राध्यापक ह्यांना समिती स्थापन करावी लागली. सरकारी गोटातील एका गृहस्थांनी ह्या सर्व प्रकारास पोरांचा दंगा म्हणून उडवून लावले होते. तथापि ह्या पोरांच्या दंग्यामुळेच १९८९ च्या फेब्रुवारीत नवी राज्यघटना आली आणि एकपक्षीय राज्य, निदान कागदावर, संपले.

ऑक्टोबरनंतर ह्या शब्दाचे भाग्य, किंवा दुर्भाग्य म्हणा, उदयास आले. तोवर तो गल्लीचा होता. आता वार्ताहर त्यास शोधीत आले. फ्रेंच वृत्तपत्रांतून तो छापला जाऊ लागला, तेथून समाजशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत आणि ग्रंथांतून इंग्रजीत गेला. गल्लीत तो शब्द प्रथमपुरुषी होता. आम्ही हित्तिस्त, असे म्हणून टाळी द्यावयाची. छापखान्यात शिरताच तो तृतीयपुरुषी झाला: ते हित्तिस्त. एवढ्याने त्यातील उपरोध गळून पडला आणि उरली ती एक जात, एक वर्ग, एक धोका. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या इस्लामी मुक्ती आघाडीने हे तरुण जमा केले; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिपाझा भागात भूकंप झाला तेव्हा तिचे स्वयंसेवक मदत घेऊन तातडीने धावले, रमजानात तिने स्वस्त बाजार भरविले. भिंतीशी उभ्या असलेल्यास तिने काम सांगितले, ही गोष्ट तिच्या विरोधकांनीही ध्यानात घ्यावयास हवी होती. १९९० च्या स्थानिक निवडणुका तिने जिंकल्या. १९९१ च्या डिसेंबरात लोकसभेच्या पहिल्या फेरीत १८८ जागा मिळविल्या. आणि १९९२ च्या जानेवारीत सैन्याने निवडणूकच रद्द केली. त्यानंतरच्या यादवीत एक ते दोन लाख माणसे मेली असे मानतात. त्या काळात भिंतीशी उभे राहणे हाच पुरावा ठरू लागला. सैनिकांस वाटे हा अतिरेक्यांचा टेहळ्या; अतिरेक्यांस वाटे हा पोलिसांचा खबऱ्या. पोरांनी आपली थट्टा करण्यासाठी घडविलेले नाव संशयिताच्या वर्णनाचे नाव झाले.

ह्याच्याशी तुलना करण्यास दुसरा एक शब्द सोयीचा आहे, कारण तो नेमका उलट दिशेने प्रवास करून आला. १९८८ मध्येच ब्रिटनने १६-१७ वर्षांच्या बहुतेक मुलांचा बेकारभत्ता बंद केला. भत्ता नाही म्हणून ती मुले बेकारांच्या यादीत नाहीत, शाळेतही नाहीत. वेल्समधील संशोधकांस ती सापडली तेव्हा कचेरीच्या नोंदवहीतील त्यांच्या खुणेवरून त्यांना 'शून्य दर्जा' असे नाव पडले. ते फारच बोचू लागले, तेव्हा १९९९ मध्ये सरकारी अहवालात शिक्षण, नोकरी वा प्रशिक्षण ह्यांपैकी कशातच नसलेला अशा इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून 'नीट' हे नाव रूढ करण्यात आले. मराठी वाचकास ते ऐकून हसू येईल. ज्याचे काहीच नीट नाही त्यास 'नीट' म्हणावयाचे! २००४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ यूजी गेन्दा ह्यांच्या पुस्तकामुळे तो शब्द जपानात पोहोचला. ब्रिटनमध्ये तो १६ ते १८ वर्षांच्या मुलांपुरता होता, जपानने तो १५ पासून ३४ वर्षांपर्यंत ताणला. आणि गेन्दांनी जो सहानुभूतीने वापरला तो पाहता पाहता आळशी, आईबापांच्या जिवावर बसून खाणारा अशा अर्थाची शिवी झाला. म्हणजे 'बेकार'चीच कथा पुन्हा घडली, फक्त आपल्याकडे जे पिढ्यानुपिढ्यांत झाले ते तेथे दोन-चार वर्षांत झाले. ह्या शब्दाची पहिली खोट अशी की त्यात माणूस नाही. तीन नकार आहेत. हित्तिस्तात निदान एक भिंत आहे, तिला टेकलेली एक पाठ आहे, आणि पाहणाऱ्याकडे उलट पाहणारे दोन डोळे आहेत.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी भिंत चालविल्याची कथा लहान मुलासही ठाऊक असते. अल्जीयर्सची भिंत चालली नाही, तेव्हा पोरे चालू लागली. २००० नंतर बोलीत दुसरा एक शब्द पुढे सरसावला, 'हर्राग', म्हणजे जाळणारे. लहान होडक्यात बसून भूमध्य समुद्र ओलांडणारे हे तरुण. सरहद्द जाळतात, किंवा ओळख पटू नये म्हणून कागदपत्रे जाळतात, असा त्याचा उलगडा करितात. व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द सबंध अरबी आहे. फ्रेंच प्रत्यय गळाला आणि त्याबरोबर विनोदही गळाला. हित्तिस्त आपल्या स्थितीवर हसत होता, हर्राग हसत नाही. २००९ मध्ये सरकारने परवान्यावाचून देश सोडणे हा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा ठरविला. होडकी थांबली नाहीत. शेजारच्या ट्युनिशियातही हित्तिस्त शब्द ओळखीचा होताच, आणि १७ डिसेंबर २०१० रोजी तेथे सीदी बूझीद गावी मोहम्मद बूअझीझी ह्या भाजी-फळे विकणाऱ्या तरुणाने स्वतःस जाळून घेतले, तेव्हा जाळण्याच्या क्रियापदास आणखी एक अर्थ चिकटला.

खुद्द अल्जीरियात २२ फेब्रुवारी २०१९ पासून दर शुक्रवारी लक्षावधी लोक रस्त्यांवर उतरू लागले. त्यांच्या मुखी असलेली काही गाणी फुटबॉलच्या मैदानांवर, ह्याच तरुणांनी, आधीच रचून ठेवलेली होती. वीस वर्षे गादीवर असलेले अध्यक्ष बूतफ्लिका २ एप्रिल रोजी पायउतार झाले. ह्या वेळी मिरवणुकीत स्त्रिया होत्या, आणि पुष्कळ होत्या. भिंतीच्या आतली बाजू प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने बाहेर आली. गोळीबार झाला नाही. ऑक्टोबर १९८८ ची आठवण दोन्ही पक्षांस होती, असे मला वाटते.

त्यानंतरची एक सरकारी नोंद सांगितली म्हणजे ह्या शब्दाचे चरित्र आजपर्यंत येऊन पोहोचते. २०२२ पासून अल्जीरियाने बेकार तरुणांस दरमहा १३,००० दिनार भत्ता देण्यास प्रारंभ केला आणि पुढच्याच वर्षी तो १५,००० केला. तो स्त्रीपुरुष दोघांसही मिळतो. एका जुन्या विनोदातील धंद्यास अशा रीतीने वेतन मिळाले, आणि प्रत्येक सरकारी नोकरीप्रमाणे वयाची मर्यादाही पडली: १९ वर्षे पुरी झाल्यावर भिंतीशी रुजू होता येते आणि चाळिशीस निवृत्त व्हावे लागते.